आठ एचपीत दोन फिल्टर: एलएम१३७०० वापरून ड्युअल स्टेट व्हेरिएबल मॉड्यूल

युरोरॅक या मॉड्युलर सिंथेसायझरच्या मापातल्या ८ एचपी पॅनेलची (एचपी हे रुंदीचं एकक) रुंदी ४०.३ मिमी, उंची १२८.५ मिमी. एवढ्या जागेत दोन स्वतंत्र अ‍ॅनालॉग फिल्टर नीट बसतात. स्टिरिओ आवाज, दर ऑक्टेव्हला २४ डीबीचा उतार, स्वरांसारखे आवाज हे सगळं त्यांतून निघतं. अट एकच: एकाच कंट्रोल व्होल्टेजला (सीव्ही) दोन्ही फिल्टरांनी सारखा प्रतिसाद दिला पाहिजे. त्यामुळे ऑडिओच्या वाटेपेक्षा जास्त काळजी कटऑफच्या (फिल्टर जिथून कापायला लागतो त्या फ्रिक्वेन्सीच्या) करंटची आणि ग्राउंडची घ्यावी लागते. खाली दिलेल्या भागांच्या किमती (म्हणजे ओहम, फॅरडमधल्या व्हॅल्यू) एका फिल्टरच्या आहेत. दुसरा हुबेहूब तसाच बांधायचा.

सामान

प्रत्येक फिल्टरला एक एलएम१३७०० (एका चिपमध्ये दोन ओटीए, म्हणजे व्होल्टेज घेऊन करंट देणारे अ‍ॅम्प्लिफायर), एक टीएल०७४ (चार ऑप-अ‍ॅम्प), एक टीएल०७२ (दोन ऑप-अ‍ॅम्प) आणि पीएनपी ट्रान्झिस्टरची एक जोडी, म्हणजे बीसीएम८५७बीएस. ८ एचपीसाठी एसएमडीच (बोर्डच्या पृष्ठभागावर बसणारे छोटे भाग) घ्या. जुन्या थ्रू-होल चिप वापरायच्या असतील तर १० एचपीचं, ५०.५ मिमीचं पॅनेल करा. ओढूनताणून ८ मध्ये कोंबू नका. रेझिस्टर १ टक्का मेटल फिल्म. इंटिग्रेटरचे दोन कपॅसिटर ३३० पिकोफॅरड, आणि ते सी०जी प्रकारचेच. एक्स७आर कपॅसिटरची किंमत त्यावरच्या व्होल्टेजनुसार बदलते, त्यामुळे आवाज बिघडतो आणि तापमानाबरोबर कटऑफही सरकतो. रेझिस्टर, झेनर, टीएल०७४ मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतात. ३.५ मिमीचे उभे जॅक आणि ९ मिमीचे पॉट मात्र ऑर्डरच करावे लागतात. पीसीबी काढण्याआधी ते हातात घेऊन मोजा.

ऑडिओची वाट

रचना नेहमीची स्टेट व्हेरिएबल, म्हणजे लो-पास, बँड-पास, हाय-पास एकाच वेळी देणारी: एक समर (सिग्नलची बेरीज करणारा भाग), त्यामागे दोन इंटिग्रेटर. टीएल०७४ चा पहिला भाग समर. इनपुट १०० के (किलोओहम) मधून आणि लो-पासचा फीडबॅक १०० के मधून त्याच्या वजा पिनेवर येतो, फीडबॅक रेझिस्टरही १०० के. याच्या आउटपुटला हाय-पास मिळतो.

हाय-पास १०० के मधून एलएम१३७०० च्या पिन ३ वर न्या आणि तिथून २२० ओहम ग्राउंडला जोडा. पिन ४ ला पण २२० ओहम ग्राउंडला द्या, म्हणजे दोन्ही इनपुटांच्या बायस करंटचा परिणाम जवळपास सारखा राहील. ही विभागणी साधारण ४५५ ला १ आहे. ५ व्होल्टचं शिखर ११ मिलिव्होल्टवर उतरतं आणि ओटीए सरळ रेषेत काम करतो. पिन ५ चं आउटपुट टीएल०७४ च्या दुसऱ्या भागाच्या वजा पिनेला जातं, तिथून आउटपुटपर्यंत ३३० पिकोफॅरड. हा झाला बँड-पास. पिन १४, १३, १२ आणि टीएल०७४ चा तिसरा भाग वापरून तेच पुन्हा केलं की लो-पास. डायोड बायसच्या पिना (२, १५) आणि बफरच्या पिना (७ ते १०) मोकळ्या सोडा.

चौथा भाग आउटपुटसाठी: १०० के, १०० के, उलटा, पुढे १ के मधून जॅक. समर सिग्नल उलटा करतो, हा तो परत सुलटा करतो. दोन फिल्टर समांतर मिसळायचे असतील तर हे गरजेचं आहे. लो, बँड, हाय निवडायला ऑन-ऑन-ऑन प्रकारचा डीपीडीटी टॉगल वापरा. मधल्या स्थितीत कोणते टोक कोणाला जुळतात ते जोडण्याआधी मल्टिमीटरने तपासा, कारण बाजारात दोन प्रकार आहेत.

रेझोनन्ससाठी (कटऑफजवळच्या उठावासाठी) बँड-पासपासून २७ के, मग ५० के पॉटचं वरचं टोक, खालचं टोक ग्राउंड. मधली पिन १० के मधून समरच्या अधिक पिनेवर. पॉटच्या एका टोकाला क्यू (रेझोनन्स किती टोकदार ते सांगणारा आकडा) सुमारे ०.५, दुसऱ्या टोकाला डॅम्पिंग, म्हणजे रेझोनन्स दाबणं, जवळपास शून्य. फिल्टरने सगळ्या पट्टीत खात्रीने स्वतः वाजावं म्हणून बँड-पासपासून समरच्या वजा पिनेवर ४.७ मेगओहम द्या. तेवढ्यावर थांबलात तर आवाज थेट सप्लायच्या टोकाला जाऊन आपटेल. म्हणून ४.७ व्होल्टचे दोन झेनर पाठीला पाठ लावून, ४७ के सोबत, बँड-पासपासून समरच्या अधिक पिनेवर जोडा. सुमारे साडेपाच व्होल्टनंतर डॅम्पिंग आपोआप वाढतं. हेच झेनर इंटिग्रेटरच्या कपॅसिटरवर लावायचा मोह टाळा. कमी व्होल्टेजचे झेनर ठरलेल्या आकड्याच्या बऱ्याच आधीपासून गळतात आणि खालच्या कटऑफला ती गळती फिल्टर बिघडवते.

कटऑफचा करंट

इथे घाई करू नका. ओटीएला पिन १ आणि १६ मधून मिळणारा करंट कटऑफ ठरवतो. वरच्या किमतींना प्रत्येक पिनेत १ मायक्रोअँप म्हणजे सुमारे २० हर्ट्झ, ५०० मायक्रोअँप म्हणजे सुमारे १० किलोहर्ट्झ. पिन १ आणि १६ एकत्र जोडा, म्हणजे कन्व्हर्टरने (सीव्हीचा करंट करणाऱ्या, खाली दिलेल्या भागाने) दुप्पट करंट द्यायचा.

टीएल०७२ चा पहिला भाग उलटा समर, फीडबॅक १०० के. त्यात व्होल्ट-पर-ऑक्टेव्हचा (एक व्होल्ट वाढला की एक ऑक्टेव्ह वर) जॅक १०० के मधून, दुसरा सीव्ही १०० के पॉट आणि १०० के मधून, कटऑफचा पॉट (अधिक आणि उणे १२ व्होल्टच्या मध्ये) २४० के मधून, आणि अधिक १२ पासून ४७० के. यातून नॉब १९ हर्ट्झ ते १९ किलोहर्ट्झ फिरतो.

जोडीतल्या पहिल्या ट्रान्झिस्टरचा बेस ग्राउंडला. त्याचा कलेक्टर टीएल०७२ च्या दुसऱ्या ऑप-अ‍ॅम्पच्या वजा पिनेला आणि १.२ मेगओहममधून उणे १२ ला. म्हणजे संदर्भ करंट १० मायक्रोअँप. अधिक पिन ग्राउंडला. ऑप-अ‍ॅम्पचं आउटपुट ३.९ के मधून दोन्ही एमिटरना. आउटपुटपासून वजा पिनेवर १ नॅनोफॅरड हवाच, नाहीतर हा भाग स्वतःच थरथरू लागतो. दुसऱ्या ट्रान्झिस्टरचा कलेक्टर पिन १ आणि १६ ला. ३.९ के मुळे एकूण करंट २.५ मिलिअँपच्या आसपास अडतो आणि प्रत्येक पिनेची २ मिलिअँपची मर्यादा ओलांडली जात नाही.

खोलीच्या तापमानाला एका ऑक्टेव्हला बेसवर १८ मिलिव्होल्ट लागतात. म्हणून सीव्ही समरच्या आउटपुटपासून ४७ के, २० के ट्रिमर, मग दुसरा बेस, आणि बेसपासून १ के ग्राउंडला.

सुटे बीसी५५७ वापरत असाल तर ते जुळवत बसण्यापेक्षा सपाट बाजू एकमेकींना चिकटवून वर हीटश्रिंक घाला. व्होल्टेजमधला फरक नॉबने भरून निघतो, तापमानातला निघत नाही. जोडीऐवजी एकच ट्रान्झिस्टर वापरला तर दर अंशाला एका सेमीटोनहून जास्त सरक होते. जोडी असूनही १८ मिलिव्होल्टचा आकडा तापमानानुसार बदलतोच: १० अंश फरकाला, संदर्भापासून ५ ऑक्टेव्ह वर, सुमारे २ सेमीटोन. फिल्टर ऑसिलेटरसारखा सुरात वाजवायचा असेल तर १ के च्या जागी अधिक ३३०० पीपीएमचा टेम्पको (तापमानाबरोबर ओहम वाढणारा) रेझिस्टर घ्या आणि तो जोडीला टेकवून बसवा. नुसता गाळायला हवा असेल तर त्याचा खर्च करू नका.

दोन शेजाऱ्यांमधली भिंत

दोन्ही फिल्टर स्वतः वाजत असताना कटऑफ जवळ आणले की एक दुसऱ्याला ओढून आपल्या सुरात घेतो. बीट्स ऐकू यायच्या जागी अचानक एकच सूर उरतो. कारण बहुतेक वेळा सामायिक ग्राउंड किंवा सप्लाय असतं. प्रत्येक फिल्टरच्या दोन्ही सप्लायना स्वतंत्र १० ओहम आणि १० मायक्रोफॅरड द्या, प्रत्येक चिपच्या दोन्ही सप्लाय पिनांजवळ १०० नॅनोफॅरड लावा, आणि दोन्ही ग्राउंड फक्त पॉवर हेडरपाशी जोडा. उलट्या केबलसाठी दोन्ही सप्लायवर शॉटकी डायोड लावा. रिबनची लाल कड उणे १२ व्होल्टची असते.

दुसऱ्या फिल्टरच्या इनपुट जॅकच्या स्विच टोकाला एका टॉगलमार्फत पहिल्याचं इनपुट किंवा पहिल्याचं आउटपुट द्या: समांतर आणि मालिका दोन्ही, केबलविना. व्होल्ट-पर-ऑक्टेव्हही पहिल्याकडून दुसऱ्याकडे असंच न्या.

जुळवणी

आधी चिप न लावता सप्लाय तपासा. सगळं लावल्यावर प्रत्येक सप्लायवर साधारण ३० मिलिअँप दिसायला हवेत. दुप्पट दिसले तर लगेच बंद करा. २० मिनिटं तापू द्या.

ओटीएच्या इनपुटवरची १ मिलिव्होल्टची चूक आउटपुटला ४५५ मिलिव्होल्टची होते. म्हणून पिन ४ आणि १३ ला, प्रत्येकी १०० के ट्रिमरच्या मधल्या पिनेपासून (टोकं अधिक-उणे १२ ला), ४७० के मधून दुरुस्ती द्या. इनपुट मोकळं, रेझोनन्स कमी: पिन १३ च्या ट्रिमरने बँड-पास शून्यावर आणा, मग पिन ४ च्या ट्रिमरने हाय-पास. आउटपुटला कपॅसिटर लावून हे टाळता येईल, पण मग मॉड्यूल सीव्ही गुळगुळीत करायला वापरता येणार नाही.

आता रेझोनन्स पूर्ण. १ व्होल्ट देऊन नॉबने ११० हर्ट्झ लावा, ४ व्होल्ट द्या, ८८० यायला हवेत. जास्त आले तर २० के ट्रिमरची किंमत वाढवा, पुन्हा ११० पासून सुरू करा. तीन-चार फेऱ्यांत बसतं. दुसरा फिल्टर पहिल्याशी बीट्स ऐकून जुळवा. मीटरपेक्षा कान इथे बारीक सांगतात.

बिघाड

लो-पास एका सप्लायला चिकटून बसला असेल तर बहुधा एका ओटीएचे दोन इनपुट अदलाबदल झालेत. कटऑफ हलतच नसेल तर पिन १ वर मोजा: उणे १०.८ च्या आसपास हवं. उणे १२ दिसलं तर करंट येत नाही, जोडीच्या पिना तपासा. कटऑफ दिवसभरात कारण नसताना भटकत असेल तर १.२ मेगओहमभोवतीचा सोल्डरचा फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा. तिथे १०० नॅनोअँपची गळती म्हणजे १ टक्का चूक. १५ किलोहर्ट्झच्या वर फिल्टर थोडा लवकर स्वतः वाजू लागतो, तो ऑप-अ‍ॅम्पच्या उशिरामुळे. त्यासाठी काही बदलू नका.

वापर

दोन लो-पास मालिकेत लावून सपाट २४ डीबीचा उतार हवा असेल तर दोन्ही क्यू सारखे ठेवू नका: एक ०.५४, दुसरा १.३१. म्हणजे पहिल्याचा रेझोनन्स जवळजवळ तळाला, दुसऱ्याचा थोडा वर. समांतर जोडून एक लो-पास आणि एक हाय-पास मिसळले की कटऑफ एकत्र येतील तिथे नॉच, म्हणजे आवाजात खड्डा, मिळतो. स्वरांसाठी दोन बँड-पास समांतर, इनपुटला हार्मोनिक भरपूर असलेला सॉटूथ: 'आ' साठी सुमारे ७०० आणि ११०० हर्ट्झ, 'ई' साठी ३०० आणि २३००, 'ऊ' साठी ३०० आणि ८५०. या जागा पुरुषी आवाजाच्या आहेत. बाईच्या आवाजासाठी थोड्या वर सरकवा. क्यू ८ ते १० ठेवा आणि इनपुटची पातळी तेवढीच खाली आणा, नाहीतर झेनर आधी बोलू लागतात.