पेलेट स्मोकर बंद करताना पंखा थांबेपर्यंत थांबा

चुलीतली लाकडं मागे ओढून पाणी मारलं की विस्तव शांत होतो. पेलेट स्मोकर, म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या छोट्या कांड्या (पेलेट) जाळून मांस शिजवणारं यंत्र. त्याचा जाळ मात्र विजेवर चालतो आणि नीट विझायलाही त्याला वीजच लागते. मटण उतरवलं की लगेच बोर्डावरचं बटण बंद करायची आपली सवय इथे धोक्याची आहे.

कारण सोपं आहे. पेलेट बाजूच्या हॉपरमध्ये, म्हणजे पेटीत, भरलेले असतात. ऑगर, म्हणजे मळसूत्रासारखा फिरणारा दांडा, ते पुढे ढकलतो आणि मधल्या फायरपॉटमध्ये, म्हणजे जाळाच्या भांड्यात, टाकतो. पंखा त्यांना हवा देतो. मशीन स्वतःच्या बटणाने बंद केलं की ऑगर थांबतो, पण पंखा चालू राहतो आणि फायरपॉटमधले उरलेले पेलेट जाळून संपवतो. वीजच तोडली तर ते धुमसत राहतात, आणि विस्तव ऑगरच्या नळीतून उलटा सरकत हॉपरपर्यंत पोचू शकतो.

म्हणून जेवण बाहेर काढल्यावर आधी तापमान सगळ्यात खाली आणा आणि पाच-दहा मिनिटं जाऊ द्या. मग मशीनवरचं बंद करायचं बटण दाबा. झाकण उघडं ठेवायचं की बंद, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, तेवढं पुस्तिकेत बघून घ्या. मग पंखा आपोआप थांबेपर्यंत वायरला हात लावू नका. पंगत बसू दे, पण घरातल्या एकाने तरी तिथे थांबावं. पंखा थांबला की बोर्डावरचं बटण बंद करा. कव्हर मात्र पत्रा हाताला गार लागल्यावरच घाला.

आता लाईट जाण्याचं. मे महिन्यात आमच्या साताऱ्यातल्या गच्चीवर कोंबडी शिजत असताना वळीव आला आणि लाईट गेली. थोड्या वेळाने हॉपरच्या झाकणाच्या फटीतून धुराची बारीक रेघ निघताना दिसली. वायर काढली, पेलेट डब्याने उपसून लोखंडी घमेल्यात ओतले. तळातले मूठभर काळे पडले होते, दोन-तीन कडेने लाल. घमेल्यात पाणी ओतल्यावर चर्र आवाज झाला तेव्हा जिवात जीव आला.

तेव्हापासून स्मोकर इन्व्हर्टरच्या लाईनवर आहे. पंख्याला वीज फार लागत नाही. इन्व्हर्टर नसेल तर लाईट गेल्याबरोबर वायर काढा, मोठं झाकण बंदच ठेवा आणि हॉपरवर नजर ठेवा. लाईट आली म्हणून लगेच चालू करू नका. पूर्ण गार झाल्यावर फायरपॉटमधले अर्धवट जळालेले पेलेट काढा. त्या ढिगावर पुन्हा पेटवलं तर भडका उडतो. आत चरबीने पेट घेतला तर पाणी अजिबात मारायचं नाही. वीज तोडा, झाकण बंद ठेवा.

राख दुसऱ्या दिवशी काढा, तीही झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. प्लास्टिकच्या बादलीत किंवा कचऱ्याच्या पिशवीत नको, राखेखाली निखारा बराच वेळ जिवंत राहतो. चरबीचा ट्रेही तेव्हाच खरवडून पुसा.

पावसाळ्यात एक काम जास्तीचं. मशीन गार झाल्यावर हॉपर रिकामा करा आणि पेलेट घट्ट झाकणाच्या पिंपात भरा. ओल लागली की ते फुगतात, त्यांचा भुसा होतो आणि ऑगर अडकतो. चांगला पेलेट बोटांनी मोडला की कट्‌कन तुटतो. चुरा झाला तर तो हॉपरमध्ये परत घालू नका.