स्टिक आपोआप सरकते? डाख सोडवताना घाई करू नका

चवथीला आमच्या फोंड्याच्या घरात दहा-बारा पोरं जमतात आणि माझा व्हिडिओ गेमचा कंट्रोलर हातोहात फिरतो. एका हातात नेवरी, दुसऱ्या हातात कंट्रोलर. दिवाळीपर्यंत त्याची एक तरी स्टिक, म्हणजे अंगठ्याने फिरवायची दांडी, आपोआप सरकायला लागलेली असते. "मामा, मी हात पण लावला नाही, हा आपणच चालतो!" भाच्याची तक्रार खरी असते. पडद्यावरचा माणूस कोणी न सांगता डावीकडे चालत सुटतो आणि भिंतीवर जाऊन आपटतो.

घरचे, भावाचे, शेजाऱ्यांचे मिळून वीसेक कंट्रोलर मी आतापर्यंत उघडले. त्यांतले दोन कायमचे घालवले, दोन्ही एकाच पायरीवर. म्हणून त्या पायरीबद्दल जास्त लिहितो. बाकीचं काम स्क्रू फिरवता येणाऱ्या कोणालाही जमेल.

मी प्लेस्टेशन ५ च्या ड्युअलसेन्स कंट्रोलरवरून सांगतोय. एक्सबॉक्सच्या कंट्रोलरमधली स्टिकही जवळजवळ अशीच असते, फक्त स्क्रू वेगळे: तिथे मधोमध भोक असलेला टी-८ टॉर्क्स पाना लागतो. वॉरंटी शिल्लक असेल तर काहीही उघडू नका, पावती शोधा.

आधी रोग ओळखा

मागच्या बाजूला एक बारीक भोक आहे, त्यात टाचणी घालून रिसेट करून बघा. स्टिक यामुळे क्वचितच सुधारते, पण दोन मिनिटांचं काम आहे.

मग कंट्रोलर केबलने कॉम्प्युटरला जोडा आणि ब्राउझरमध्ये कुठलंही गेमपॅड तपासायचं पान उघडा. स्टिकला हात न लावता आकडे बघा. शून्याच्या आसपास ०.०३, ०.०४ असे स्थिर आकडे दिसले तर दोष नाही. आकडा ०.१५ वर जाऊन तिथेच गप्प बसला, तर स्टिकचं मधलं ठिकाण सरकलंय. असा कंट्रोलर बहुतेक वेळा न उघडता नुसत्या कॅलिब्रेशनने, म्हणजे स्टिकचा मध्य नव्याने ठरवून, सुधारतो. ते पुढे येतंच. पण आकडा ०.०२, ०.१९, ०.०७ असा उड्या मारत असेल, तर आतला ट्रॅक खराब आहे आणि कंट्रोलर उघडावाच लागेल. हा फरक न बघता पाना हातात घेणारे लोक मी खूप पाहिलेत.

फवारा आणि तांदूळ

या दोन सल्ल्यांनी माझं डोकं फिरतं.

पहिला: स्टिकच्या बुडाशी कॉन्टॅक्ट क्लीनर फवारा आणि गरागरा फिरवा. आत काय आहे ते बघा म्हणजे हे का टिकत नाही ते कळेल. प्रत्येक स्टिकला दोन पोटेन्शिओमीटर (स्टिक किती वळली ते व्होल्टेजने सांगणारे भाग) असतात, एक आडव्या हालचालीचा, एक उभ्या. दोन्हींत कार्बनचा घोड्याच्या नालासारखा ट्रॅक असतो आणि त्यावरून धातूची बारीक जीभ घासत जाते. घासून घासून कार्बनची पूड पडते, जिभेवर ओलीचा आणि खाऱ्या हवेचा थर चढतो, आणि व्होल्टेज उड्या मारू लागतं. वरून मारलेल्या फवाऱ्याने ती पूड बाहेर निघत नाही, आतल्या आत जागा बदलते. पणजीतल्या एका दुकानात मी एवढ्याच कामाचे पाचशे रुपये मोजलेत. तिसऱ्या आठवड्यात भाचा पुन्हा भिंतीवर.

दुसरा: तांदळाच्या डब्यात ठेवा. आमच्या आईचा हा आवडता उपाय, तोही उकड्या तांदळात. तांदूळ ओल फारशी ओढत नाही, पिठाची पूड मात्र फटीत जाते. ती मी ब्रशने काढत बसलोय, म्हणून सांगतो.

उघडणं

एल-१ आणि आर-१ ची बटणं पातळ पट्टीने उचकटून काढा, खालची काळी पट्टी सोडवा, आतले चार स्क्रू काढा, खिट्या एकेक करून सुट्या करा. पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर काढायचा. दोन्ही मोटरींच्या तारा बोर्डाला डाखलेल्या, म्हणजे कथील वितळवून जोडलेल्या असतात, तेव्हा बोर्ड मोटरींसकट उचला. कुठला स्क्रू कुठला, त्याचा फोटो काढून ठेवा. मी वाट्या वापरतो, बायको त्याबद्दल बोलते.

आधी साफ करून बघा

स्टिकच्या खोक्याला दोन बाजूंना प्लास्टिकच्या टोप्या दिसतील, माझ्या हातातून गेलेल्या बहुतेक हिरव्या होत्या. टोपीच्या खिट्या बारीक चिमट्याने सोडवा आणि टोपी जराशीच बाहेर झुकवा. तिचे तीन पाय बोर्डाला डाखलेले आहेत, जास्त वाकवलं तर तुटतील. आतली पांढरी चकती अलगद काढा, तिच्यावरच ती धातूची जीभ आहे. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाची काडी बुडवून जीभ पुसा, टोपीच्या आतला काळा ट्रॅक पुसा, पाच मिनिटं वाळू द्या. केमिस्टकडे मिळणारं ७० टक्क्यांचं चालणार नाही. त्यात पाणी असतं, आणि जुलैत गोव्याची हवा ते लवकर वाळू देत नाही.

वाळेपर्यंत ट्रॅक उजेडात तिरका धरून बघा. सगळा एकसारखा मंद काळा असेल तर तुमचं नशीब चांगलं, बंद करा आणि खेळा. मधोमध चकचकीत रेघ दिसली तर कार्बन झिजलाय, तो पुसून परत येत नाही. मोड्यूल, म्हणजे स्टिकचं ते अख्खं खोकं, बदलावं लागेल.

जुनं मोड्यूल काढणं

इथेच मी दोन बोर्ड घालवले.

एका स्टिकला चौदा पाय असतात. दोन पोटेन्शिओमीटरचे तीन-तीन, दाबायच्या बटणाचे चार आणि धातूच्या खोक्याचे चार जाडजूड. हे चौदाही बोर्डाच्या भोकांत कथलाने पक्के केलेले. एक पाय तापवेपर्यंत आधीचा गार होतो. खोक्याचे चार पाय तर ग्राउंडच्या तांब्याला जोडलेले असतात, तांबं उष्णता पिऊन टाकतं.

पहिल्या वेळी माझ्याकडे रेडिओ दुरुस्तीचं जुनं पंचवीस वॅटचं डाखायचं आयर्न होतं. जाड पायावर ते मिनिटभर धरलं तरी कथील नुसतं मऊ व्हायचं, वितळायचं नाही. वैतागून मी स्क्रूड्रायव्हर खाली घातला आणि उचकटलं. मोड्यूल आलं. त्याच्या पायाबरोबर भोकाच्या आतला तांब्याचा अस्तरही आला, कढईला चिकटलेल्या घावन्यासारखा अख्खा. बोर्ड अनेक थरांचा असतो. तो अस्तरच वरचा थर खालच्या थराला जोडतो. नवी स्टिक उत्तम बसली आणि मेल्यासारखी पडून राहिली. दुसऱ्या बोर्डावर शहाणपण म्हणून आयर्न खूप तापवलं आणि खूप वेळ धरलं. तिथे बोर्डावरची तांब्याची पट्टीच उचलून आली.

आता मी असं करतो, आणि यात फेरफार करायला लावणाऱ्याचं ऐकत नाही.

तापमान ठरवता येणारं आयर्न हवं, टोक पसरट छिन्नीसारखं. सुईसारखं टोक नाजूक कामाला बरं म्हणून लोक घेतात आणि फसतात. ते पुरेशी उष्णता पोचवूच शकत नाही. साधारण ३६० अंश ठेवा. एका पायावर चार-पाच सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं नाही. वितळलं नाही तर आयर्न उचला, पाय गार होऊ द्या, फ्लक्स (कथील नीट वाहावं म्हणून लावायचा लेप) लावा, पुन्हा या.

मोड्यूल अख्खं काढायचा हट्ट सोडा. ते टाकूनच द्यायचं आहे. दोन्ही टोप्या खिट्यांतून सोडवा आणि त्यांचे तीन-तीन पाय वरच्या बाजूने कटरने कापा. मग बटणाचे चार पाय कापा. आता खोक्याला धरून ठेवणारे चारच जाड पाय उरले. चौदांशी एकदम भांडायचं होतं, त्याऐवजी चारांशी.

या चार पायांवर आधी नवं कथील घाला. काढायचंय तिथे आणखी घालायचं, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही वेडेपणा वाटला होता. पण कारखान्यातलं कथील शिसं नसलेलं असतं आणि ते २१७ अंशांच्या पुढे वितळतं. ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसं असलेली तार १८३ लाच वितळते. दोन्ही मिसळली की मिश्रण लवकर वितळतं आणि जास्त वेळ पातळ राहतं. चारही पायांवर फुगीर थेंब होईपर्यंत घाला. मग बोर्ड उभा धरून दोन पाय एकामागोमाग एक तापवा आणि मोड्यूलची ती बाजू बोटाने केसभर हलवा. नंतर समोरचे दोन. परत पहिले दोन. हलत्या दातासारखं ते हळूहळू सुटत येतं. जोर लावावासा वाटला तर थांबा. मी तेव्हा आयर्न खाली ठेवून चहा घेतो.

खोकं निघाल्यावर कापलेले दहा पाय एकेक तापवून चिमट्याने ओढा; तापलेला पाय आपसूक येतो. शेवटी फ्लक्समध्ये भिजलेली तांब्याची विक, म्हणजे वितळलेलं कथील शोषून घेणारी विणलेली पट्टी, वापरून भोकं रिकामी करा. भोकातून पलीकडचा उजेड दिसला पाहिजे. एखादं भोक बुजलेलंच राहिलं तर त्यात टाचणी खुपसू नका, परत कथील घालून परत ओढा. शिशाची तार वापरलीत, तर खिडकी उघडी ठेवा आणि जेवायच्या आधी हात साबणाने धुवा.

आणि हे काम लाइट जाण्याच्या दिवसांत संध्याकाळी काढू नका. चार पायांपैकी दोन तापलेत आणि अंधार झाला, असं माझं झालंय.

नवं बसवणं

जुन्यासारखं कार्बनचं मोड्यूल परत बसवू नका. चुंबकावर चालणारं हॉल इफेक्टचं किंवा टीएमआरचं घ्या. त्यात घासणारं काही नसतं, म्हणून त्या जागी झीजही नाही. ही काही नवी जादू नव्हे, सेगाच्या ड्रीमकास्टच्या कंट्रोलरमध्ये १९९८ सालीच हॉल सेन्सर होते. दोन्हींत मी टीएमआर निवडतो, वीज कमी खातं. सपाट बसलंय ना ते बघून आधी समोरासमोरचे दोन पाय डाखा, परत बघा, मग उरलेले बारा.

आता कॅलिब्रेशन. हे टाळलंत तर नवी स्टिकही सरकेल आणि तुम्ही विकणाऱ्याला शिव्या द्याल. ब्राउझरमध्ये चालणारी ड्युअलसेन्सच्या कॅलिब्रेशनची मोफत साधनं आहेत. केबल जोडा, आधी मध्य ठरवा, मग स्टिक कडेकडेने फिरवून पल्ला ठरवा, आणि कायमस्वरूपी साठवा. साठवायचं विसरलात तर कंट्रोलर बंद केला की सगळं पुसलं जातं.

उघडलाच आहे तर

हेडफोनच्या ३.५ मिमीच्या भोकात त्याच अल्कोहोलची काडी फिरवा. खरखर बहुतेकदा तिथली असते. आणि ब्लूटूथचा हेडफोन जुळत नाही म्हणून कंट्रोलरला दोष देऊ नका. प्लेस्टेशन ५ साधे ब्लूटूथ हेडफोन घेतच नाही, वायर तरी लावा नाहीतर यूएसबी डोंगलवाला हेडसेट घ्या. हेडसेटच्या गाद्या कापडी बसवा. नकली चामडं आपल्या दमट हवेत दोन पावसाळ्यांत सोलवटतं आणि कानाभोवती काळी खपली चिकटते.

कन्सोलच्या आत मात्र हात घालू नका. बाजूचं झाकण काढून धूळ साठायच्या भोकांना व्हॅक्यूम लावा, तेवढंच. मुख्य चिपवर द्रवरूप धातू आहे, तिथपर्यंत जायचं आपल्याला काही कारण नाही. पावसाळ्यात रात्री रेस्ट मोडमध्ये न ठेवता पूर्ण बंद करा.

जून ते सप्टेंबर कंट्रोलर घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेल. केशरी दाणे हिरवे झाले की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास भाजून परत वापरायचे. डब्यावर मी मोठ्या अक्षरात लिहिलंय, कारण आईने एकदा ते दाणे बडीशेप समजून पाहुण्यांपुढे ठेवले होते. सुदैवाने कोणी तोंडात टाकले नाहीत.

चवथीला मात्र कंट्रोलर बाहेर निघतोच. टीव्हीशेजारच्या खुंटीवर आता ओला पंचा टांगलेला असतो. नेवरी खाल्लेल्याने आधी तिकडे जायचं, मग माझ्याकडे.