वर्डमध्ये मराठी मजकुराला स्टाइल लावताना या चुका टाळा

दीडशे पानांचा प्रबंध लिहून होतो आणि मार्गदर्शक सांगतात, "प्रकरणांची शीर्षकं मोठी करा, आणि उपशीर्षकं मधोमध नकोत, डावीकडे घ्या." फाइलमध्ये स्टाइल, म्हणजे फॉन्ट, आकार, अंतर वगैरेंचे नाव देऊन जपलेले संच, नीट वापरल्या असतील तर हे काम दोन मिनिटांत होतं. नसतील, तर एकेक शीर्षक शोधत अख्खी रात्र जाते आणि तरीही दोन-चार नजरेतून सुटतातच. प्रबंध, स्मरणिका, दिवाळी अंक, संस्थेचा वार्षिक अहवाल अशा सगळ्याच मोठ्या मजकुरात हा त्रास होतो, आणि तो टाळता येतो. मराठी मजकुराच्या काही अडचणी मात्र इंग्रजी मार्गदर्शिकांमध्ये सापडत नाहीत, म्हणून त्यांवर इथे जास्त लिहितो आहे.

शीर्षक नुसतं बोल्ड करणं

ओळ निवडली, बोल्ड केली, आकार वाढवला, की आपल्याला ती शीर्षक दिसते. वर्डच्या लेखी मात्र ती ठळक अक्षरांतली साधी ओळच असते. म्हणून अनुक्रमणिका बनवायला गेलं की ती रिकामी येते आणि नेव्हिगेशन पेनमध्येही, म्हणजे बाजूला उघडणाऱ्या शीर्षकांच्या यादीतही, काही दिसत नाही. प्रकरणाच्या नावाला 'हेडिंग १', उपशीर्षकाला 'हेडिंग २' लावा. कंट्रोल-ऑल्ट-१ आणि कंट्रोल-ऑल्ट-२ या कळांनी ते झटकन होतं. लिब्रेऑफिस रायटर या वर्डसारख्याच मोफत प्रोग्राममध्ये हेच काम कंट्रोल-१ आणि कंट्रोल-२ ने होतं, आणि एफ११ दाबलं की सगळ्या स्टाइल्सची यादी उघडते.

हेडिंगचा निळा रंग किंवा फॉन्ट आवडत नाही म्हणून अनेक जण ती स्टाइलच टाळतात. त्याऐवजी तिच्यावर राइट-क्लिक करून 'मॉडिफाय'मध्ये जा आणि हवं ते रूप द्या. स्वतःची नवी स्टाइल बनवायचीच असेल, तर परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये तिची 'आउटलाइन लेव्हल', म्हणजे शीर्षकाची पातळी, ठरवा. ती 'बॉडी टेक्स्ट'वरच राहिली, तर नेव्हिगेशन पेनला तुमचं शीर्षक दिसणार नाही.

फॉन्ट बदलला, पण मराठी अक्षर बदललंच नाही

सर्वांत जास्त वेळ इथेच वाया जातो. स्टाइलमध्ये फॉन्ट 'मुक्ता' किंवा 'शोभिका' निवडला, ओके केलं, तरी मजकूर 'मंगल'मध्येच राहतो. कारण असं की, वर्ड रोमन लिपी आणि देवनागरी यांचे फॉन्ट वेगवेगळे जपून ठेवतं. देवनागरी 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' या गटात येते. स्टाइल बदलण्याच्या खिडकीत दर्शनी चौकटीतला फॉन्ट बदलून भागत नाही. खालच्या 'फॉरमॅट' बटणावरून 'फॉन्ट' उघडा. तिथे 'लॅटिन टेक्स्ट' आणि 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' असे दोन विभाग दिसतील. मराठीचा फॉन्ट, ठळकपणा आणि आकार दुसऱ्या विभागात ठरतो. हा विभाग दिसतच नसेल, तर ऑफिसच्या भाषांच्या सेटिंगमध्ये मराठी जोडा आणि वर्ड बंद करून पुन्हा उघडा. रायटरमध्येही भाषांच्या सेटिंगमध्ये 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' सुरू केल्यावरच स्टाइलमध्ये तो स्वतंत्र भाग उघडतो.

या विभागणीचा फायदाही घ्यावा. मराठी वाक्यात इंग्रजी शब्द आला की एकाच आकारात दोन्ही लिप्या क्वचितच जुळून दिसतात, एक मोठी तरी वाटते किंवा खुजी तरी. एकाच स्टाइलमध्ये देवनागरीला १३ आणि रोमनला ११ असा आकार देऊन पाहा. पान लगेच सारखं दिसू लागतं. त्याच खिडकीतून स्टाइलची भाषा मराठी केली, तर मराठी शब्दांना इंग्रजी चुका समजून खाली येणाऱ्या लाल रेघाही थांबतात.

ओळींमधल्या अंतराचंही असंच. देवनागरीला वर रफार, मात्रा, वेलांटी आणि खाली उकार यांसाठी जागा लागते. ओळींचं अंतर 'एक्झॅक्टली' (ठरावीक आकड्याचं) करून आकडा लहान ठेवला, तर 'र्की'सारख्या अक्षराचा माथा कापला जातो. उलट 'सिंगल' ठेवलं, तर दोन फॉन्ट एकत्र आलेल्या ओळी मोकळ्या आणि बाकीच्या घट्ट दिसू शकतात. 'एक्झॅक्टली'च वापरा, पण आकडा सढळ ठेवा. १३ च्या अक्षराला २० पॉइंटपासून सुरुवात करून पाहा. आणि हे अंतर स्टाइलमध्येच ठरवा, परिच्छेदागणिक नाही.

अवतरणांच्या स्टाइलला इटॅलिक देण्याचा मोहही आवरा. बहुतेक देवनागरी फॉन्टांना खरं तिरपं वळण नसतं. वर्ड उभी अक्षरं नुसती ढकलून तिरकी करतं, आणि शिरोरेषेसकट ती वाईट दिसतात. अवतरणाला दोन्ही बाजूंनी थोडा समास सोडला की ते पुरेसं वेगळं दिसतं.

जुन्या फॉन्टमधल्या मजकुराला स्टाइल लावणं

कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टांत टाइप केलेला मजकूर आतून रोमन अक्षरांचा किंवा चिन्हांचा असतो. फॉन्ट त्याला फक्त देवनागरी रूप देतो. त्यामुळे स्टाइल लावताच फॉन्ट बदलतो आणि मराठीच्या जागी निरर्थक अक्षरांची रांग उभी राहते. घाबरू नका, अनडू केलं की मजकूर परत येतो. आधी कन्व्हर्टरने तो युनिकोडमध्ये, म्हणजे खऱ्या देवनागरी अक्षरांत, आणा, जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांखालून घाला, मगच स्टाइल लावा.

स्टाइल लावली, वर हातानेही सजवलं

स्टाइल बदलूनही काही परिच्छेद हटत नाहीत, कारण त्यांच्यावर हाताने केलेलं फॉरमॅटिंग बसलेलं असतं आणि ते स्टाइलपेक्षा वरचढ ठरतं. वर्डमध्ये कंट्रोल-स्पेस अक्षरांवरची अशी सजावट काढतं, कंट्रोल-क्यू परिच्छेदावरची. रायटरमध्ये कंट्रोल-एम. मात्र मुद्दाम ठळक केलेले शब्दही यात जातात, तेव्हा सगळी फाइल एकदम निवडू नका. नक्की काय कुठून आलं हे पाहायचं असेल तर वर्डमध्ये शिफ्ट-एफ१ दाबा. तिथे 'डिस्टिंग्विश स्टाइल सोर्स'वर खूण केली की कोणतं रूप स्टाइलचं आणि कोणतं हाताने दिलेलं, हे वेगळं दिसतं.

वर्डची आणखी एक खोड लक्षात ठेवा. परिच्छेदातला निम्म्याहून अधिक मजकूर हाताने ठळक केलेला असेल, तर नवी परिच्छेद-स्टाइल लावताना तो ठळकपणा निघून जातो. कमी असेल तर टिकतो. एकाच कृतीचे दोन ठिकाणी दोन परिणाम दिसतात ते यामुळे.

एक परिच्छेद ठळक केला आणि दस्तऐवजभर तसल्या सगळ्या परिच्छेदांचं रूप बदललं, तर त्या स्टाइलमधला 'ऑटोमॅटिकली अपडेट' हा चौकोन तपासा आणि त्यातली खूण काढा.

एंटर आणि स्पेसबारवर भिस्त

नवं प्रकरण नव्या पानावर यावं म्हणून एंटर दाबत राहिलात, तर मागे एक ओळ वाढताच सगळं सरकतं. 'हेडिंग १'च्या परिच्छेद-सेटिंगमध्ये 'पेज ब्रेक बिफोर' लावा. शीर्षक पानाच्या तळाशी एकटं पडत असेल तर 'कीप विथ नेक्स्ट'. परिच्छेदांमधली मोकळी जागा 'स्पेसिंग आफ्टर'ने द्या. जुन्या फाइलमधले रिकामे परिच्छेद शोधायला कंट्रोल-शिफ्ट-८ दाबा, लपलेल्या सगळ्या खुणा दिसतात.

वेबपानावरून किंवा दुसऱ्याच्या फाइलमधून मजकूर घेताना पेस्टच्या पर्यायांतून 'कीप टेक्स्ट ओन्ली' निवडा. नाहीतर परक्या स्टाइल्सही तुमच्या यादीत घुसतात, आणि चार लेखकांचे लेख एकत्र करताना ती यादी आवरता येत नाही.

शेवटी कंट्रोल-ए आणि एफ९ दाबून अनुक्रमणिका ताजी करा, आणि छापखान्याला देण्याआधी पीडीएफ काढून पानं तपासा. तुमच्या संगणकावरचा फॉन्ट तिकडे नसेल, तर वर्डची फाइल वेगळी दिसेल. फॉन्ट एम्बेड केलेली, म्हणजे आतच साठवलेली, पीडीएफ मात्र जशीच्या तशी उघडेल.