हृदयाच्या स्ट्रेस एमआरआयला येताना

आदल्या दिवसापासून चहा बंद. कॉफी, कोला, चॉकलेट, कॅफीन असलेली डोकेदुखीची गोळी, सगळंच पूर्ण 24 तास बंद. डिकॅफसुद्धा नको, त्यातही थोडं कॅफीन असतंच. गेली बारा वर्षं मी हे मशीन चालवते आणि पेशंटला फोन करते तेव्हा सगळ्यात जास्त वेळ याच गोष्टीवर घालवते.

या तपासणीत शिरेतून रक्तवाहिन्या रुंदावणारं औषध अ‍ॅडेनोसिन देतात. त्याने निरोगी रक्तवाहिन्यांतला प्रवाह कितीतरी वाढतो, अरुंद वाहिनीपुढच्या भागात मात्र तसा वाढत नाही. मग गॅडोलिनियम (चित्रात उजळ दिसणारा द्रव) शिरेतून सोडलं की निरोगी स्नायू उजळतो आणि रक्त कमी मिळणारा भाग काळसर राहतो, आधी आतल्या थरात. कॅफीन अ‍ॅडेनोसिनची वाटच अडवतं, आणि मग आजारी हृदयही ठीक दिसू शकतं.

एका काकांनी "काही घेतलं नाही" असं सांगितलं होतं. अ‍ॅडेनोसिन लागू पडलं की चित्रात प्लीहाही (पोटात डावीकडचा अवयव) काळसर दिसते, त्यांची तशीच उजळ राहिली. पुन्हा विचारल्यावर म्हणाले, "पहाटे अर्धा कप फक्त." तपासणी दुसऱ्या दिवशी परत केली. म्हणून सांगते, प्यायला असाल तर सरळ सांगा, कोणी रागावणार नाही.

दमा, पेसमेकर, किडनीचा आजार, अंगातली कुठलीही धातूची वस्तू, हे अपॉइंटमेंट घेतानाच सांगा. रोजच्या गोळ्या स्वतःहून थांबवू नका, डॉक्टरांना विचारा.

औषध सुरू असताना तीन-चार मिनिटं छाती जड वाटेल, धाप लागेल, चेहरा गरम होईल. घाबरू नका. थांबवलं की अगदी थोड्या वेळात उतरतं, कारण रक्तात ते काही सेकंदच टिकतं. फार त्रास झाला तर हातातला रबरी बल्ब दाबा, आम्हाला इशारा मिळतो, आम्ही काचेपलीकडेच असतो.

घरी एक सराव करून या: श्वास सोडायचा आणि तिथेच दहा-बारा सेकंद थांबायचं. दर वेळी तेवढाच सोडा, कमी-जास्त झाला की हृदयाची जागा हलते.

शेवटची चित्रं गॅडोलिनियमनंतर साधारण दहा मिनिटांनी घेतात. लोक इथेच कंटाळून हलतात, आणि मला सगळ्यात हळहळ त्याचीच वाटते. जुन्या अटॅकचा व्रण याच चित्रांत पांढरा दिसतो. तो हृदयाच्या भिंतीच्या निम्म्याहून कमी जाडीत असेल, तर रक्तपुरवठा परत मिळाल्यावर तो स्नायू सावरण्याची आशा जास्त असते. अँजिओप्लास्टी किंवा बायपास ठरवताना डॉक्टर हे बघतात. तेवढा वेळ निपचित पडून राहा.