सी२सी१२ पेशींपासून स्नायूनलिका घडवताना

अस्थी स्नायू घडतो कसा, हे डिशमध्ये पाहायचे असेल तर सी२सी१२ ही उंदराची सेल लाइन (प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा वाढवता येणाऱ्या पेशींचा वाण) आजही सर्वांत सोयीची आहे. १९७७ मध्ये याफे आणि सॅक्सेल या संशोधकांनी सी३एच जातीच्या उंदराच्या मांडीच्या स्नायूला इजा करून, त्यानंतर त्यातून ज्या पेशी वाढवल्या, त्यांच्यापासून पुढे ही उपशाखा निवडली गेली. म्हणजे दुखापत भरून काढणाऱ्या पेशींचा स्वभाव तिच्यात मुळातच आहे, आणि तो जपणे हेच संशोधकाचे पहिले काम आहे.

प्रयोग फसतो तो बहुतेक वेळा विभेदनाच्या (पेशी वाढ थांबवून स्नायूचे रूप घेण्याच्या) माध्यमामुळे नव्हे, तर त्याआधीच्या निष्काळजी वाढीमुळे. मायोब्लास्ट (स्नायू घडवणाऱ्या अपक्व पेशी) ३७ अंश सेल्सिअस आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये, जास्त ग्लुकोज असलेल्या डीएमईएम या पोषक माध्यमात १० टक्के फीटल बोवाइन सीरम (गाईच्या गर्भाच्या रक्ताचे सीरम) घालून वाढवावेत आणि फ्लास्कचा तळ ६० ते ७० टक्के भरण्याआधीच त्यांचे पॅसेज करावे, म्हणजे ते विरळ करून नव्या फ्लास्कमध्ये पेरावेत. पेशी एकमेकींना खेटल्या की त्यांतल्या काही विभाजन थांबवून जुळू लागतात, म्हणजे एकमेकींत मिसळून अनेक केंद्रकांची लांब स्नायूनलिका बनवू लागतात. अशा पेशी पुन्हा वाढीकडे वळत नाहीत, त्यामुळे पुढच्या फ्लास्कमध्ये न जुळणाऱ्यांचेच प्रमाण वाढत जाते. असे तीन-चार वेळा घडले की पेशी दिसायला ठणठणीत असतात, पण नलिका काही बनत नाहीत. म्हणून सुट्टीच्या दोन दिवसांत पेशी खेटू नयेत यासाठी शुक्रवारी त्या नेहमीपेक्षा विरळ पेराव्यात, सुरुवातीच्या पॅसेजच्या भरपूर व्हायल (छोट्या कुप्या) गोठवून ठेवाव्यात, आणि नलिका कमी दिसू लागताच जुना फ्लास्क टाकून नवी व्हायल काढावी. मायकोप्लाझ्मा या पेशींना लागणाऱ्या सूक्ष्म जिवाणूची तपासणीही नियमित व्हावी.

विभेदनासाठी पेरलेल्या डिशमध्ये तळ जवळजवळ पूर्ण भरला की पेशी पीबीएस या क्षारयुक्त द्रावणाने दोनदा धुवाव्यात, म्हणजे जुन्या सीरममधील वृद्धिघटक मागे राहत नाहीत, आणि २ टक्के हॉर्स सीरम असलेले डीएमईएम घालावे. हा शून्यावा दिवस. तुलनेसाठीचा नमुना याच वेळी काढून ठेवावा. पुढे दर एक-दोन दिवसांनी माध्यम बदलताना पिपेटची धार डिशच्या भिंतीवरून सोडावी. पाचव्या-सहाव्या दिवशी धार थेट पेशींवर पडली, तर नलिकांचा थर कडेपासून सुटून चादरीसारखा गुंडाळला जातो. सीरमचा नवा लॉट आधी छोट्या डिशमध्ये पारखून घेणेही हिताचे असते.

पहिल्या-दुसऱ्या दिवशी पेशी लांबट होऊन एका दिशेने ओळीत लागतात; तिसऱ्या दिवसाच्या सुमारास अनेक केंद्रके असलेल्या नलिका स्पष्ट दिसतात, आणि पुढे त्या जाड होत जातात. कधी कधी एखादी नलिका आपोआप थरथरते, तेव्हा सूक्ष्मदर्शकावरून नजर हटत नाही. मायोडी (स्नायूची जनुके चालू करणारे प्रथिन) मायोब्लास्टमध्ये आधीपासून असतो, त्यामुळे केवळ तो आढळला म्हणून विभेदन झाले असे म्हणता येत नाही. मायोजेनिन हे तशाच प्रकारचे प्रथिन विभेदनाची लवकरची खूण आहे, तर मायोसिन हेवी चेन हे स्नायूच्या आकुंचनाचे प्रथिन नंतरची.

मोजणीसाठी मायोसिन हेवी चेनला चिकटणारे एमएफ२० हे प्रतिपिंड आणि केंद्रकांसाठी डॅपी हे चमकणारे रंगद्रव्य वापरावे. दोन किंवा अधिक केंद्रके असलेल्या मायोसिनयुक्त पेशींतील केंद्रके भागिले एकूण केंद्रके, गुणिले १००, हा फ्युजन इंडेक्स. चित्र घेण्याची जागा मात्र फक्त डॅपीकडे पाहून निवडावी, नाहीतर डोळा सुंदर नलिकांकडेच वळतो. एखाद्या औषधाने हा आकडा घटला, तर एकूण केंद्रकेही घटली का ते पाहावे, कारण पेशी मेल्या असतील तर जुळायला शेजारीणच उरलेली नसते. केंद्रके तेवढीच असून मायोजेनिन आणि मायोसिन दिसणाऱ्या पेशी एककेंद्रकीच राहिल्या असतील, तर अडथळा विभेदनात नसून पेशी जुळण्याच्या टप्प्यात आहे, आणि पुढचा प्रयोग त्या दिशेने आखावा लागतो.