टोमॅटोची चिरलेली फांदी अशी जोडतो

फळांच्या भाराने फांदी बेचक्यात चिरली, तरी साल एका बाजूने शाबूत असेल तर तोडायची घाई करू नका. जखम सुकायच्या आत हात लावायचा. आधी त्या फांदीवरची मोठी फळं आणि निम्मी पानं काढतो. तुटक्या शिरांतून पाणी कमी चढतं, पानं मात्र ते उडवतच राहतात. मग चीर मिटवून साल सालीला नीट भिडवायची आणि कलमाची पट्टी (कलम बांधायची ताणणारी प्लास्टिकची पट्टी) खालून वर गुंडाळायची. सुतळी नको, ती खोडात रुतते. बांबूच्या कामटीचा आधार, 3-4 दिवस सावली. पाणी फक्त बुंध्याशी. पट्टीत शिरलं की जखम कुजते. दुपारी मान टाकलेला शेंडा संध्याकाळी उभा राहिला, तर जोड धरतोय. साधारण 2 आठवड्यांनी तिथे गाठ येते, तेव्हा पट्टी सोडा. कामटी मात्र शेवटच्या तोडणीपर्यंत राहू द्या.