ऑटोमॅटिक गाडीचं गिअर ऑइल घरी बदलताना: गिअरबॉक्स, माप आणि तापमान

ऑइलचा डबा आणायच्या आधी आपल्या गाडीत कोणता गिअरबॉक्स आहे ते पाहून घ्या. लिव्हरवर ‘पी’ नसेल, फक्त आर, एन, डी आणि एम असेल, तर ती एएमटी (यंत्राने चालणारा मॅन्युअल गिअरबॉक्स) आहे. वॅगनआर, सेलेरिओ, डिझायर यांच्या ‘एजीएस’ गाड्या याच प्रकारच्या. आत साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम यंत्र करतं. त्यात मॅन्युअल गाडीसारखं गिअर ऑइल लागतं, लाल एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ तेल) नाही. क्लचच्या यंत्राचं हायड्रॉलिक तेल निराळं असतं, त्याला घरी हात लावू नका. होंडा सिटी आणि अमेझची ऑटोमॅटिक सीव्हीटी असते, म्हणजे आत गिअरऐवजी पट्टा आणि पुली. तिला एचसीएफ-२ हे होंडाचं सीव्हीटीचं तेल लागतं. तिच्यात साधं एटीएफ ओतलं तर पट्टा घसरतो आणि पुली ओरबाडते. डीसीटी (दोन क्लचचा गिअरबॉक्स) असेल तर सरळ वर्कशॉप गाठा.

खाली जे लिहिलं आहे ते टॉर्क कन्व्हर्टरच्या, म्हणजे इंजिनाची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणाऱ्या गाड्यांसाठी आहे: इनोव्हा क्रिस्टा, क्रेटा डिझेल, एर्टिगा, एक्सयूव्ही ७०० यांच्या ऑटोमॅटिक.

बदलायचं कधी

कितीतरी गाड्यांच्या पुस्तकात हे ऑइल बदलायची गरज नाही असं असतं, आणि त्याच पुस्तकात मागच्या पानावर ‘कठीण वापर’ म्हणून वेगळा तक्ता असतो. आपल्याकडची गाडी बहुतेक त्याच तक्त्यात बसते. मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याकडे पारा ४५ च्या वर, लग्नसराईत सात-आठ माणसं आणि टपावर सामान. पावसाळ्यात तर वावराच्या पांदण रस्त्यावर काळ्या चिखलात गाडी फसते आणि डी-आर, डी-आर करत आपण ती हलवत बसतो. चाक जागेवर अडकलेलं असताना रेस दिली की इंजिनाची सगळी ताकद कन्व्हर्टरमधलं ऑइल घुसळण्यात जाते आणि ऑइल पाहता पाहता तापतं. असा जोर एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त देऊ नका, त्यापेक्षा ट्रॅक्टरने ओढून काढलेली बरी. अशा वापरात ६० ते ८० हजार किलोमीटरला ऑइल बदलावं.

गाडी आधीच घसरत असेल, म्हणजे रेस वाढते पण वेग वाढत नाही, तर ऑइल बदलून क्लच प्लेटा नव्या होत नाहीत. तो पैसा राखून ठेवा, गिअरबॉक्स उघडायला लागणारच आहे.

ऑइल

रंगावर जाऊ नका. लाल रंग मुद्दाम घातलेला असतो, त्यावरून जात कळत नाही. पॉवर स्टीअरिंगचं लाल, जुनं डेक्सरॉन-३ लाल, टोयोटाचं डब्ल्यूएसही लाल. पण डब्ल्यूएस पातळ आहे आणि डेक्सरॉन-३ त्याहून घट्ट. क्रिस्टाला डब्ल्यूएस, ह्युंदाई-कियाच्या सहा गिअरच्या ऑटोमॅटिकला एसपी-४. तालुक्याच्या दुकानात ‘हे सगळ्याला चालते’ म्हणून डबा पुढे करतील, तो घेऊ नका. नागपूर, अमरावती, अकोला, यवतमाळ इथे कंपनीच्या पार्ट काउंटरवरून सीलबंद डबा घ्या आणि बिल जपून ठेवा. वॉरंटी चालू असेल तर मात्र हे काम घरी करूच नका.

गिअरबॉक्समध्ये एकूण ऑइल सहा ते नऊ लिटर असतं. खालचा नट (ड्रेन नट) काढल्यावर त्यातलं तीन ते चारच लिटर येतं, बाकीचं कन्व्हर्टर, कूलर आणि व्हॉल्व्ह बॉडीत (गिअर बदलायला ऑइल वळवणाऱ्या झडपांच्या भागात) अडकून राहतं. आठ लिटरपैकी चार बदललं तर निम्मं नवं झालं. दोन-तीनशे किलोमीटर चालवून पुन्हा तेवढंच बदललं तर पाऊण भाग नवा होतो. एका फेरीला पाच लिटर आणा, दोन फेऱ्या करायच्या तर दहा. सोबत ड्रेन नटाचं नवं वायसर. चेंबर (गिअरबॉक्सच्या तळाचं ऑइलचं भांडं) उघडायचं असेल तर पॅकिंग आणि फिल्टरही. ह्युंदाईच्या सहा गिअरच्या गिअरबॉक्सचा फिल्टर आत असतो, तो घरी निघत नाही. त्यामुळे तिथे चेंबर-फिल्टरचा विचार सोडा.

जागा

काळ्या मातीवर जॅक लावायचा नाही. उन्हाळ्यात तिला भेगा असतात, पावसाळ्यात ती दबते, आणि दोन्ही वेळा जॅक तिरपा होतो. सिमेंटचं खळं किंवा पक्कं अंगण पाहिजे. गाडी चारही चाकांना सारखी उचलून चार स्टँडवर ठेवा, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. वॉशिंग सेंटरच्या रॅम्पवर काम सोपं होतं, पण बरेच रॅम्प पाणी वाहून जावं म्हणून उतरते केलेले असतात. गवंड्याची पाण्याची लेव्हल नळी पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्याला लावून पाहा. गाडी तिरपी असली तर शेवटचं माप चुकतं, आणि या कामात जे बिघडतं ते बहुतेक मापातच बिघडतं.

पुसायला कॉटन वेस्ट किंवा कापसाचा बोळा घेऊ नका. कापूस आपल्याकडे हाताशी असतो, पण त्याचा एक तंतू आत गेला तरी व्हॉल्व्ह अडकू शकतो. धागा न सुटणारं जुनं टेरिकॉट चालतं. फवारणीचं माप, बादली किंवा नरसाळं कितीही धुतलं तरी इथे वापरायचं नाही.

काढणं आणि भरणं

गाडी दहा मिनिटं चालवून कोमट करा. लांबच्या प्रवासाहून आलेली असेल तर थांबा, शंभराच्या आसपास तापलेलं ऑइल हातावर पडलं की सालटं निघतं.

आता पहिला नियम: आधी भरायचा नट ढिला करायचा, मग खालचा. भरायचा नट गंजून बसला असेल, पाना घसरून त्याचं डोकं गोल झालं आणि तोवर ऑइल काढून टाकलेलं असेल, तर गाडी अंगणातच अडकली. शहरापर्यंत ती टोचन करूनही नेता येत नाही, कारण इंजिन बंद ठेवून गिअरबॉक्सला जोडलेली चाकं जमिनीवर फिरली तर गिअरबॉक्स आतून कोरडाच फिरतो. ट्रकवर चढवूनच न्यावी लागते.

काढलेलं ऑइल मापाच्या भांड्यात घ्या आणि आकडा लिहून ठेवा. ॲसिन कंपनीच्या काही गिअरबॉक्सला, विशेषतः पुढची चाकं ओढणाऱ्या गाड्यांत, ड्रेन नटाच्या आत एक उभी प्लास्टिकची नळी असते. नट काढल्यावर थोडंसंच ऑइल येतं आणि माणसाला वाटतं एवढंच होतं. ॲलन कीने ती नळी फिरवून काढली की खरा साठा उतरतो. परत बसवताना ती हलक्या हातानेच आवळायची, जोर केला तर तुटते.

ऑइलकडे नीट पाहा. गडद तपकिरी असणं जुनेपणाचं लक्षण आहे, घाबरायचं कारण नाही. जळका वास आणि काळा रंग म्हणजे क्लच प्लेटा जळाल्या. चेंबरच्या चुंबकावर करडा बारीक लेप असतोच, पण बोटाला टोचणारे तुकडे सापडले तर ऑइल भरून गाडी थेट जाणकाराकडे न्या. गुलाबी दुधासारखं दिसलं तर आत पाणी आहे. एक तर रेडिएटरमधला कूलर फुटला असेल, नाहीतर नाल्याच्या पुरातून गाडी काढताना गिअरबॉक्सच्या श्वासनळीतून (हवा ये-जा करायच्या नळीतून) पाणी शिरलं असेल. कूलर फुटला असेल तर तो बदलल्याशिवाय नवं ऑइल ओतू नका. पाण्याने क्लच प्लेटांवरचं अस्तर सुटतं.

चेंबर उघडलं असेल तर बोल्ट समोरासमोर, दोन-तीन फेऱ्यांत आवळा. हे बोल्ट अगदी कमी जोराचे असतात, म्हणजे छोट्या पान्याने मनगटाचा जोर, खांद्याचा नाही. ॲल्युमिनियममधले आटे गेले की नट बदलून भागत नाही, गिअरबॉक्सचं पूर्ण घरही बदलावं लागू शकतं. ड्रेन नटाला नवं वायसर घालून गाडीच्या पुस्तकात दिलेल्या जोराने आवळा.

भरायला १२ मिलिमीटरची दीड मीटर पारदर्शक नळी आणि नरसाळं पुरतं. बॉनेटमधून नळी भरायच्या भोकात सोडा आणि सावकाश ओता. जेवढं निघालं तेवढं, वर अर्धा लिटर. तेवढं जास्त घातल्याने नुकसान होत नाही, ते पुढे स्वतःच बाहेर येईल.

माप

यातल्या बहुतेक गिअरबॉक्सला ऑइल मोजायची पट्टी (डिपस्टिक) नसते. ठरलेल्या तापमानाला, इंजिन चालू असताना, ओव्हरफ्लोच्या भोकातून जास्तीचं ऑइल गळून जातं आणि धार थेंबांवर आली की माप बरोबर. टोयोटाच्या डब्ल्यूएस गाड्यांत हे तापमान साधारण ३५ ते ४५ अंश, ह्युंदाईच्या सहा गिअरमध्ये ५० ते ६०. आपल्या मॉडेलचा आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहा.

यातच विदर्भाची अडचण आहे. मे महिन्याच्या दुपारी सावलीत उभ्या गाडीचं ऑइलच ४२-४३ अंशांवर असतं. इंजिन सुरू करून नट उघडेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. चाळीसऐवजी सत्तर अंशांना माप घेतलं तर आठ लिटर ऑइल फुगून पावणेदोनशे-दोनशे मिलिलिटर जास्त दिसतं. तेवढं गळून जातं, आणि गार झाल्यावर गिअरबॉक्स कमी भरलेला राहतो. मग पंप हवा ओढतो, फेस होतो, चढावर गाडी घसरते, आणि माणूस ऑइलच्या कंपनीला शिव्या देतो. डब्ल्यूएस गाडीचं काम उन्हाळ्यात करायचंच असेल तर गाडी रात्रभर उघड्यावर ठेवून पहाटे पाचला करा. कार्तिक ते माघ हा खरा मोसम, सकाळी घाई होत नाही. एसपी-४ च्या गाडीला उन्हाळाही चालतो.

तापमान ओबीडी स्कॅनरने (गाडीच्या संगणकाला जोडायच्या छोट्या यंत्राने) मोबाइलवर दिसतं. ब्लूटूथचा साधा स्कॅनर पुरतो, फक्त ॲपमध्ये गिअरबॉक्सचं तापमान दिसायला हवं, इंजिनच्या पाण्याचं नाही. दोन्ही वेगळी असतात.

क्रम असा. हँडब्रेक लावा, एसी बंद, इंजिन सुरू. ब्रेक दाबून पी, आर, एन, डी असं लिव्हर प्रत्येक जागी तीन-चार सेकंद थांबवत दोनदा फिरवा, मग पी वर आणा. स्टँडवर गाडी असल्याने ब्रेक सुटला की चाकं हवेत फिरतात, तेव्हा गाडीजवळ कोणी लेकरू नको आणि आत बसलेल्याने पुढे कशालाही हात लावायचा नाही. इंजिन चालूच ठेवून ठरलेलं तापमान आलं की ओव्हरफ्लो नट काढा. धार आली तर गळू द्या आणि थेंब-थेंब झाली की नट लावा. काहीच आलं नाही तर पाव-पाव लिटर भरत राहा. इंजिन बंद करून नट काढलात तर कन्व्हर्टरमधलं ऑइल खाली उतरलेलं असतं, भसकन बाहेर येतं आणि माप फसतं.

दहा-बारा किलोमीटर चालवून खाली ओलं दिसतं का ते पाहा, दुसऱ्या दिवशी पुन्हा. पहिले काही दिवस गिअर थोडे वेगळे पडल्यासारखे वाटतील, संगणक सवय करून घेतो. काही गाड्यांत स्कॅनरने ही सवय पुसावी लागते.

जुनं ऑइल झाकणाच्या डब्यात, वर नाव लिहून ठेवा. पाण्याच्या बाटलीत ठेवू नका, लाल दिसलं की लेकरं सरबत समजतात. वाळवीसाठी कुंपणाच्या बल्ल्यांना फासणं किंवा शेताच्या धुऱ्यावर (बांधावर) ओतणं टाळा, पावसात ते विहिरीत उतरतं. जिथे जुनं ऑइल अधिकृत पुनर्प्रक्रियेवाल्याला जातं अशा गॅरेजच्या ड्रममध्ये ते द्या.